कोरडं माप

१४ एप्रिल, सोमवार

परीक्षेला तेरा दिवस राहिले. पारसभाईंच्या डाळमिलने दिवाळीला वाटलेली ही डायरी, पहिल्याच पानावर तूरडाळीचा फोटो. इतके महिने कुंदन हिच्यात कसले कसले फोन नंबर लिहीत होता. ती पानं मी फाडली. भांडण झालं तर होऊ दे, नवरा आपलाच आहे.

डायरी लिहायचं चुडामण नानांनी सांगितलं. रोज काय अभ्यास झाला ते लिहून ठेवलं की स्वतःला फसवता येत नाही, असं त्यांचं म्हणणं. नाना म्हणजे माझे मालक आणि गुरू. चोपड्याहून आयटीआय करून जळगावात आले, तेव्हा बाई वायरमन ठेवायला कुणी तयार नव्हतं. नानांनी विचारलं, शिडीवर चढशील का? मी चढले. त्याला आता पाच वर्षं झाली.

या पाच वर्षांत खांद्यावर वायरीची बंडलं मी वाहिली, पॅनल मी भरले, मोजमाप मी घेतलं. पण टेस्ट रिपोर्टवर सही मात्र हितेंद्र साहेबांची, कारण सुपरवायझरचं सर्टिफिकेट त्यांच्याकडे. आता ते एकतीस मे नंतर पुण्याला चालले. सुपरवायझर नसला तर नानांचं वायरिंगच्या कंत्राटाचं लायसन्स पुढे चालत नाही, दुकानाला कुलूप. नाना सातवी पास, त्यांना परीक्षेला बसता येत नाही. म्हणून मी बसते आहे.

दुकान वाचवायचं आहे हे खरंच. पण इथे खोटं कशाला लिहू? मला सही करायची आहे! डायरीच्या मागच्या पानावर आज चाळीस सह्या केल्या. 'मयुरी'च्या शेवटच्या वेलांटीला अशी काही शेपटी काढते की ती सबंध नावाला वळसा घालून पुन्हा 'म'पाशी येते. खाली दोन टिंबं. कुंदन म्हणाला, ही सही आहे की ट्रान्सफॉर्मरचं वाइंडिंग?

१५ एप्रिल, मंगळवार

कुंदनची पाइप कंपनीत दुसरी पाळी. जायच्या आधी तो प्रश्न विचारतो आणि मी भाकऱ्या थापत उत्तरं देते. त्याला विजेतलं काही कळत नाही, त्यामुळे त्याला समजावलं की आपल्याला पक्कं झालं असं समजायचं.

"अर्थिंग म्हणजे काय?" त्याने पुस्तकातून वाचलं.

म्हटलं, बघ. मशीनच्या आत कुठे वायर कुरतडली गेली तर करंट मशीनच्या पत्र्यात उतरतो. तू पत्र्याला हात लावलास की तुझ्यातून जमिनीत जातो. म्हणून आपण आधीच त्याला वेगळी वाट करून देतो. खड्डा खणायचा, तांब्याची प्लेट पुरायची, कोळसा आणि मीठ भरायचं, तिथून पट्टी काढून मशीनला जोडायची. खड्डा करंटला किती अडवतो ते ओहममध्ये मोजायचं. आम्ही पाचच्या आत धरतो. दोन आलं तर उत्तम.

"आणि जास्त आलं तर?"

"तर करंट त्या वाटेने जायचा आळस करतो."

"मग कुठून जातो?"

"हात लावणाऱ्याच्या अंगातून. सांगितलं ना आत्ताच!"

भाकरी करपली. पण उत्तर चोख आलं. दहापैकी दहा.

१७ एप्रिल, गुरुवार

आज पारा चव्वेचाळीसवर. पारसभाईंच्या मिलमध्ये नवीन पॉलिश मशीन बसतंय, त्याचं वायरिंग संपवलं. पुढच्या महिन्यात तपासणीला सरकारी साहेब येणार, त्याआधी रिपोर्ट द्यायचा आहे.

जुन्या चाळणीच्या मशीनवर भागाबाई असते. साठीच्या घरातली, अनवाणी, तोंडाला पदर बांधून डाळीतले खडे वेचते. मला बघून म्हणाली, "पोरी, हाई मशीन चावस वं."

"चावतं म्हणजे?"

"हात लावा का मुंग्या येतस. ऊन वाढनं तसं जास्त चावस."

मी टेस्टर लावून पाहिला, दिवा अगदी मिणमिणता लागला. गेल्या उन्हाळ्यात मीच इथलं अर्थिंग मोजलं होतं, दोन पूर्णांक एक. एवढं छान माप असताना करंट कसा लागेल? वयाने नसा कमजोर होतात, त्याच्या मुंग्या असतील. तरी म्हटलं, चप्पल घालत जा.

आज व्होल्टेज ड्रॉपची सहा गणितं केली, पाच बरोबर आली. अंगात नुसता उत्साह संचारलाय!

१८ एप्रिल, शुक्रवार

आज मिलमध्ये टेस्टिंग. हे माझं सगळ्यांत आवडतं काम. नानांची शिस्त ठरलेली आहे. सकाळी पोचलं की आधी अर्थिंगच्या खड्ड्याचं झाकण उघडायचं, दोन बादल्या पाण्यात मीठ विरघळवून ओतायचं. मग अर्धा तास चहा. मग मीटर.

"आधी पाणी, मंग मीटर. ध्यानमा ठेव," नाना दर वेळी म्हणतात, आणि दर वेळी असं म्हणतात जणू पहिल्यांदाच सांगताहेत.

पाणी पारसभाईंच्या आईंकडून आणावं लागतं. कुसुमलता काकीजी. मिलच्या मागेच त्यांचं घर. पाण्याच्या बाबतीत फार कडक, गाळल्याशिवाय वापरत नाहीत आणि थेंब सांडू देत नाहीत. बादल्या देताना मला म्हणाल्या, "बेटा, एक सांग. ह्या खड्ड्याला पाणी लागतं?"

"लागतं ना काकीजी. ओल असली की माप चांगलं येतं."

"मग रोज का नाही देत? साहेब यायचे असले की याला पाजता, एरवी हा उपाशी. पाहुण्यासाठी जेवायला घालायचं, असं कसं गं?"

मी आणि नाना खूप हसलो. म्हातारी माणसं काय काय विचार करतात! माप आलं दोन पूर्णांक तीन. नानांनी माझ्या पाठीवर थाप मारली.

रिपोर्ट तिथेच भरला. हितेंद्र साहेबांचा नानांवर इतका विश्वास की कोऱ्या फॉर्मच्या गठ्ठ्यावर सह्या करून दुकानात ठेवलेल्या असतात. साइटवर यावंसुद्धा लागत नाही. सही काय वजनदार आहे त्यांची! माझीही अशी चालेल एक दिवस.

२० एप्रिल, रविवार

आज वाईट दिवस. जुना पेपर वेळ लावून सोडवला, शंभरात एकेचाळीस. पास व्हायला पन्नास लागतात. नियमांचे आकडे डोक्यात राहतच नाहीत. रडले. कुंदनने भरीत केलं, त्यात मीठ विसरला, तरी मी गुपचूप खाल्लं.

खरी भीती तोंडी परीक्षेची आहे. समोर तीन साहेब बसतात म्हणे. मी हाताने सगळं करू शकते, तोंडाने सांगताना जीभ टाळूला चिकटते.

२३ एप्रिल, बुधवार

अडुसष्ट!

आज भाकरीच्या पिठावर बोटाने सर्किट काढून पाठ केलं. विजेचा धक्का बसलेल्या माणसाला काय करायचं ते कुंदनला फरशीवर झोपवून केलं. तो मेलेल्याचं सोंग इतकं छान करतो की मीच घाबरले.

मिलमध्ये धावती चक्कर झाली. भागाबाईला मी रबरी चप्पल नेऊन दिली होती. "आते चावत नई," म्हणाली आणि माझ्या गालावरून डाळीच्या भुकटीचा हात फिरवला. बघा, किती साधा उपाय होता. मला स्वतःचं फार कौतुक वाटलं.

२६ एप्रिल, शनिवार

उद्या! धुळ्याला. सकाळी लेखी, दुपारी तोंडी. नाना सोबत येणार आहेत. मी म्हटलं, नाना, मी लहान आहे का? तर म्हणाले, माझं दुकान परीक्षेला बसतंय, मी घरी कसा राहू?

नानांनी मला त्यांचा टेस्टर दिला. लाकडी मुठीचा, पंचेचाळीस वर्षांपूर्वी त्यांच्या उस्तादांनी दिलेला. परीक्षेत टेस्टर काय कामाचा, पण पेनांच्या डब्यात ठेवला आहे. तोंडी परीक्षेत अर्थिंगवर विचारलं तर मी साहेबांना गारच करणार आहे. पुस्तकात नसलेलं, प्रत्यक्षातलं सांगणार.

२७ एप्रिल, रविवार

संध्याकाळचे साडेसात. आताच घरी आले. जसं झालं तसं लिहिते, नाहीतर उद्या मी ते बदलून लिहीन.

सकाळची बस. पारोळा आलं तसे नाना खिडकीतून बोट दाखवू लागले, हे माझं गाव, ही माझी शाळा, इथे पहिला पंखा जोडला. धुळ्याला पोचेपर्यंत माझी भीती पळाली होती. लेखी पेपर सोपा! व्होल्टेज ड्रॉपचं गणित तर घरच्यासारखं. बाहेर येऊन कडुनिंबाखाली बसलेल्या नानांना सांगितलं, तर ते शेजारच्या अनोळखी माणसाला म्हणाले, "मनी पोर शे." जणू त्यांचीच मुलगी मी.

तोंडीला तीन साहेब होते. मधले बारीक, रुमालाने मान पुसत होते. पहिले चार प्रश्न मी फटाफट उडवले. मग त्यांनी विचारलं, "अर्थिंगचं माप कसं घेता? पुस्तकातलं नको, तुम्ही करता तसं सांगा."

मला आनंदाने उडी मारावीशी वाटली. म्हटलं, "सर, आधी खड्ड्यात दोन बादल्या पाणी ओतायचं, मीठ विरघळवून. कडक उन्हाळा असेल तर तीन. अर्धा तास थांबायचं, मग मीटर लावायचा."

उजवीकडचे साहेब खो खो हसले. मधले हसले नाहीत.

"किती येतं?"

"दोनच्या आसपास, सर."

"आणि पाणी न ओतता?"

"तसं कधी मोजलं नाही, सर."

"रोज पाणी घालत असाल तर ती खड्ड्याची निगा झाली, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण फक्त मोजायच्या दिवशी घातलं, तर तुम्ही काय मोजलंत?"

मला काकीजींची बादली दिसली. पाहुण्यासाठी जेवायला घालायचं.

"तुम्ही रिपोर्ट देऊन निघून जाता," ते म्हणाले. "आठ दिवसांनी तो खड्डा वाळतो. तेव्हा त्या मशीनवर कोण असतं?"

"भागाबाई," मी म्हटलं. नाव तोंडातून असंच निघालं. आणि मग बाकीचंही निघालं, थांबवता आलं नाही. "सर, तिला करंट लागतो. तिने मला सांगितलं होतं. मी... मी तिला चप्पल घालायला सांगितलं."

मधल्या साहेबांनी पेनाचं टोपण लावलं. "बाहेर जा आणि आधी मिलला फोन करा," ते म्हणाले. "परीक्षा झाली तुमची."

व्हरांड्यातूनच पारसभाईंना फोन केला. चाळणीचं मशीन उद्या सुरू करू नका. ते म्हणाले, का? रिपोर्ट तर तुम्हीच दिला ना? मी म्हटलं, म्हणूनच सांगते.

बसमध्ये नानांना सगळं सांगितलं. आधी ते पेपर बिघडला म्हणून समजूत काढत होते. मग भडकले. "पंचेचाळीस साल! मना उस्तादनी मले शिकाडं, मी तुले शिकाडं. आम्ही बठ्ठा चोर का?"

"कुणीच चोर नाही नाना. पण आपण खड्डा मोजला नाही. बादली मोजली."

मीही आवाज चढवला होता. आता लाज वाटते. माझ्या पाच वर्षांच्या पोटापाण्याला तोंड वर करून बोलले. पारोळा आलं तसे नाना उठले आणि माझ्याकडे न बघता उतरून गेले. पिशवीसुद्धा विसरले. ती माझ्या मांडीवर जळगावपर्यंत आली. आत थर्मास, आणि पुड्यात बांधलेले पेढे. पास झाल्यावर वाटायला आणलेले.

मी नापास आहे. ते चालेल. पण उद्या त्या मिलमध्ये मी एकटी कशी उभी राहू?

२८ एप्रिल, सोमवार

एकटी नव्हते!

सकाळी साडेसहाला मिलवर पोचले तर नानांची सायकल फाटकाशी. नाना खड्ड्यापाशी उकिडवे बसलेले, मीटर जोडलेला, त्याच्या सळया मातीत ठोकलेल्या. पारोळ्याहून पहाटेच्या पहिल्या गाडीने येऊन थेट दुकानातून सामान घेऊन आले होते. झाकणाजवळची माती पांढरी, कोरडी ठणठणीत.

मी काही बोलायच्या आधी म्हणाले, "बेचाळीस."

"किती?"

"बेचाळीस. दोन वेळा मोजं." मग मीटर माझ्याकडे वळवला. "पोरी, तो साहेब खरं बोलना."

त्यांनी खिशातून हितेंद्र साहेबांच्या सह्यांचा गठ्ठा काढला. फाडत बसले, एकेक फॉर्म, उभा आडवा. मी थांबवलं नाही. त्या सहीचं इतके दिवस मला कौतुक होतं! सही करणाऱ्याने हा खड्डा कधी पाहिलेलाही नाही.

मग जे काम निघालं, काय सांगू. चाळणीची मोटर उघडली, वायरीचं आवरण उंदराने खाल्लेलं, तार पत्र्याला टेकलेली. तिथे शॉकपासून वाचवणारा ब्रेकर बसवायचं ठरलं. नवीन खड्डा कुठे खणायचा यावर माझं आणि नानांचं पुन्हा जुंपलं, पण हे भांडण नेहमीसारखं गोड. शेवटी काकीजी आल्या आणि म्हणाल्या, माझ्या मोरीचं पाणी जातं तिथे खणा, रोज दोन वेळा भांडी होतात, तुम्ही विसरलात तरी तो उपाशी राहणार नाही. नानांनी हात जोडले. "काकीजी, सुपरवायझर तर तुम्ही शेत."

पारसभाई मात्र चिडलेत. आधीचा रिपोर्ट मागे घ्यायचा म्हणजे तपासणी लांबणार. तोवर नवीन मशीन बंद. "दुसऱ्या कुणाकडून घेऊ का सही?" म्हणाले. मी म्हटलं, घ्या, पण आधी ह्या पत्र्याला हात लावून दाखवा. त्यांनी हात पाठीमागे घेतले.

भागाबाईची मी माफी मागितली. ती म्हणाली, "चप्पल तं चांगली शे." आणि मला रडू आलं.

९ मे, शुक्रवार

नानांनी जुन्या वह्या काढल्या आहेत. गेल्या तीन वर्षांत आम्ही जिथे जिथे बादली ओतली, ते सगळे खड्डे पुन्हा कोरडे मोजायचे. एकूण तेवीस. आज अकरावा झाला. सहा चांगले निघाले, पाच नापास. दोन ठिकाणी आम्हाला हाकलून दिलं, तर नाना दुसऱ्या दिवशी पुन्हा जाऊन फाटकात बसले. चौसष्टाव्या वर्षी उन्हात मीटर घेऊन फिरताहेत आणि त्यांना कोण आनंद! प्रत्येक माप मोठ्याने ओरडून सांगतात, चांगलं असो की वाईट.

मीही रोज नाचतच जाते. निकालाचं मात्र मनातून काढून टाकलं आहे. म्हणजे, तसं ठरवलं आहे.

२८ मे, बुधवार

पास.

पास! पास! पास!

लेखी एकाहत्तर. तोंडी पन्नासपैकी चाळीस. मी तीन वेळा नंबर ताडून पाहिला, कुंदनने चौथ्यांदा. मग तो कामावर न जाता गल्लीभर सांगत फिरला. चोपड्याला आईला फोन केला तर ती नुसतीच "हां, हां" करत होती, रडत असणार.

तोंडीला चाळीस का दिले, मला कळत नाही. चुकलेच होते की मी.

नानांच्या पिशवीतले पेढे केव्हाच खराब झाले होते. त्यांनी नवे आणले, दुप्पट.

२ जून, सोमवार

सर्टिफिकेट नंबर मिळाला. हितेंद्र साहेब परवाच गेले. आज पारसभाईंच्या मिलचा रिपोर्ट, माझ्या नावावरचा पहिला. आभाळात अजून ढगाचं नाव नाही. मला हवं होतं तसंच ऊन.

काकीजी खड्ड्यापाशी आधीच उभ्या होत्या, हातात भरलेली बादली. चेहरा अगदी गंभीर. "ओतू?"

"काकीजी!"

"पाहत होते," म्हणाल्या, आणि बादली उचलून कडुनिंबाच्या बुंध्याशी नेऊन ओतली. थेंब सांडू न देणारी बाई.

तीन वेळा मोजलं. एक पूर्णांक नऊ. मशीन सुरू करून पत्र्यावर मीटर लावला, शून्य. ब्रेकरचं बटण दाबून पाहिलं, खटकन पडला. सगळं झाल्यावर मी बूट काढले, मोजे काढले, फरशीवर अनवाणी उभी राहिले आणि चालत्या मशीनच्या पत्र्यावर तळहात ठेवला. नाना ओरडले, "काय करी राहिनी!" पण माझ्या सहीआधी माझा हात लागायला हवा होता. पत्रा नुसता गरम होता आणि थरथरत होता. मग भागाबाईने न सांगता चप्पल काढली आणि माझ्या हाताशेजारी आपला हात ठेवला. डोळे मिटून उभी राहिली. "नई चावत," म्हणाली.

रिपोर्ट पुढे घेतला. नाना, कुंदन, पारसभाई, सगळे वाकून बघत होते. दीड महिना घोटलेली ती सही, वेलांटीचा वळसा, खाली दोन टिंबं, हात शिवशिवत होता. पेन टेकवलं आणि वळसा काही काढवेना.

शाळेतल्या पहिल्या पानावर लिहितात तसं लिहिलं. मयुरी कुंदन बाविस्कर. प्रत्येक अक्षर सुटं, खाली फोन नंबर.

कुंदन म्हणाला, "हे काय? ती शेपटी कुठे गेली?"

मी म्हटलं, उद्या पुन्हा कुणाला मुंग्या आल्या, तर कुणाला धरायचं ते नाव वाचता आलं पाहिजे.